समाजमाध्यमांचे जाणकार आणि पेढीचा जमाखर्च

औंध संस्थानच्या ज्या उजाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला नांगरांचा कारखाना वसवला, त्याच किर्लोस्करवाडीहून दहा वर्षांनी, म्हणजे १९२० साली, ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे एक लहानसे नियतकालिक निघू लागले. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते अशी ज्याची समजूत, त्या शेतकऱ्यास पहिले नांगर विकताना लक्ष्मणरावांना जे सायास पडले ते ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना कारखानदाराने लेखणीचा आश्रय का केला हे निराळे सांगावयास नको. माल चांगला असणे आणि तो चांगला आहे अशी गिऱ्हाइकाची खात्री पटणे यांत जे अंतर असते, ते बोलत राहूनच तोडावे लागते. त्या ‘खबरी’तून पुढे शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली मराठीतले एक मान्यवर मासिक घडले, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे त्यास लाभली, आणि ज्या घरांनी नांगर, पंप वा चरक कधी विकत घेतला नाही त्या घरांतही किर्लोस्कर हे नाव आदराने उच्चारले जाऊ लागले.

ही जुनी हकीकत आरंभी सांगण्याचे प्रयोजन इतकेच की, पेढीने आपल्या गिऱ्हाइकांशी विक्रीपलीकडे जाऊन बोलत राहावे हा विचार हातातल्या फोनाबरोबर जन्मास आलेला नाही. नव्या आहेत त्या दोन गोष्टी. ‘खबरी’चा मजकूर आणि तिच्या वाचकांचे पत्ते किर्लोस्करांच्या दप्तरात होते, उलट फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप ही माध्यमे परक्यांच्या मालकीची असून आपले बोलणे कोणाच्या कानी पडावे हे तेच ठरवतात. शिवाय त्या काळी वाचकाचे पत्र आधी संपादकाच्या मेजावर येई व छापायचे की नाही याचा निर्णय तेथे होई. आता गिऱ्हाईक जे लिहील ते दुकानदाराच्या संमतीवाचून सर्वांच्या देखत राहते. या माध्यमांपासून व्यापारास होणारा लाभ आणि पोचणारा अपाय ही दोन्ही याच दोन गोष्टींतून उद्भवतात, आणि लाभ पदरात पाडून अपाय टाळून देतो असे सांगणारा एक नवा व्यवसायही त्यांतूनच उदयास आला आहे. आज तालुक्याच्या गावीही ‘सोशल मीडिया एक्स्पर्ट’ अशी पाटी लावलेला गृहस्थ भेटतो, आणि महिन्याचे पॅकेज ठरवून दुकानाचे पेज चालवण्याचा, रील बनवून देण्याचा व फॉलोअर वाढवण्याचा मक्ता घेतो. अशा गृहस्थास मोबदला द्यावा की न द्यावा, द्यावा तर कोणत्या कामाबद्दल द्यावा, आणि देताना कोणत्या किल्ल्या आपल्या कनवटीस राखाव्यात, एवढाच या लेखाचा विषय आहे. मोठ्या कंपन्यांपाशी या कामी स्वतंत्र खाती असतात. त्यांना माझ्या सल्ल्याची जरुरी नाही.

लाभ खरा आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. कोकणातील हापूसच्या बागायतदाराकडे पाहा. त्याचा पिढीजात शिरस्ता असा की, आंबा पेट्यांत भरून वाशीच्या बाजार समितीत दलालाकडे पाठवायचा आणि जी पट्टी येईल तीवर समाधान मानायचे. आपला आंबा कोणी खाल्ला, तो त्यास कसा लागला, पुढल्या वर्षी तो पुन्हा घेईल की नाही, यांपैकी एकाही गोष्टीचा सुगावा त्यास लागत नसे. २०२० च्या टाळेबंदीत ही साखळी विस्कळीत झाली, तेव्हा अनेक बागायतदारांनी पुण्यामुंबईच्या गृहनिर्माण संस्थांतील लोकांकडून व्हॉट्सॲपवर थेट मागण्या घेतल्या, आणि ज्यांचा आंबा चांगला निघाला त्यांना गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता व मत या तिन्ही वस्तू प्रथमच हाती लागल्या. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला खरा. परंतु पेटीवर ‘देवगड’ असे छापणे कोणासही अवघड नसल्यामुळे, हा आंबा खरोखर देवगडचाच कशावरून, हा शहरी गिऱ्हाइकाचा संशय तेवढ्याने फिटत नाही. झेल्याने चाललेली तोड, गवतात लावलेली अढी आणि पेटी बांधणारे हात यांचे फोनावर घेतलेले साधे चित्रण हा संशय जितका दूर करते, तितका वृत्तपत्रातील अर्ध्या पानाच्या जाहिरातीनेही होत नाही.

व्यक्तीस जे साधते ते एखाद्या संपूर्ण धंद्यासही कधी कधी साधते. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन पेढीने कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला कोल्हापूरचा नामनिर्देशही न करता मांडल्या, तेव्हा समाजमाध्यमांवर असा गहजब झाला की, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला लिहिलेल्या पत्रात त्या पेढीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. कोल्हापुरीला भौगोलिक निर्देशांक २०१९ पासून होता; पण त्या कागदाला इतक्या लोकांनी इतक्या अगत्याने पूर्वी कधी हात लावला नव्हता. मात्र व्यापारी दृष्टीने पाहणाऱ्याने यातच एक खुणेची गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्या दिवशी सारा देश कोल्हापुरीविषयी बोलत असतो, त्या दिवशी ज्या दुकानाच्या पानावर चपलांचे नंबर, किंमत, कुरिअरचा खर्च आणि माप चुकल्यास बदलून देण्याची अट ही माहिती तयार नसेल, त्या दुकानास त्या बोलण्यापासून अभिमानाखेरीज काही प्राप्त होण्याचा संभव नाही.

आता जाणकार म्हणवणाऱ्याची विद्या ती कोणती, हे पाहू. तिचे दोन भाग आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळेच बहुतेक फसवणूक होते. पहिला भाग माध्यमांच्या लहरींचा आहे: रील किती सेकंदांची असावी, पोस्ट कोणत्या वेळी टाकावी, कोणते हॅशटॅग जोडावेत, बूस्ट किती रुपयांचा मारावा. ही विद्या खोटी नाही, पण ती नाशवंत आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकच्या झुकेरबर्ग यांनी असे जाहीर केले की, यापुढे वाचकास आप्तमित्रांचा मजकूर अधिक व व्यापाऱ्यांचा कमी दाखवला जाईल; त्या एका हुकुमासरशी, फुकट रीच मिळवण्याच्या ज्या युक्त्या शिकवून लोक शुल्क घेत होते त्यांची किंमत उतरली. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. ज्यांनी आपले सगळे नाव त्या एकाच ठिकाणी कमावले होते, त्यांना ते दुसरीकडे प्रथमपासून कमवावे लागले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी तर फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ही तिन्ही सुमारे सहा तास एकदम बंद पडली, आणि केवळ त्यांवरच मागण्या घेणाऱ्यांना तितका वेळ हात जोडून बसण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

विद्येचा दुसरा भाग माध्यमांहून जुना आहे. गिऱ्हाइकाच्या मनात कोणता प्रश्न आहे हे ओळखणे, मालाचे खरे रूप छायाचित्रात उतरवणे, नेमके व स्वच्छ मराठी लिहिणे, आणि चिडलेल्या माणसाशी धीराने बोलणे, ही कौशल्ये कोणत्याही कंपनीच्या फर्मानाने रद्द होत नाहीत. पहिला भाग भाड्याने घेता येतो. दुसरा अंशतः तरी दुकानातच असावा लागतो, कारण तो धंद्याच्या ज्ञानावर उभा आहे. म्हणून जाणकाराची परीक्षा तो काय सांगतो यापेक्षा तो काय विचारतो यावरून करावी, असे माझे मत आहे. आंब्याच्या व्यापाऱ्याकडे येऊन जो पहिल्याच भेटीत बोधचिन्हाचा रंग कोणता हवा असे विचारतो, त्यास चहा पाजून निरोप द्यावा. आणि जो असे विचारतो की, कापल्यावर आंब्यात साका निघाला तर तुम्ही काय करता, गिऱ्हाइकास फळ बदलून देता की पैसे परत करता, त्यास खुर्ची पुढे ओढून बसवावे. ज्या व्यापाराचा नाजूक भाग कोठे आहे हे त्याने हुडकले, त्या व्यापाराविषयी तो लोकांशी बोलू शकेल.

असा माणूस मिळाला तरी करारनामा लेखी करावा. या मुद्द्यावर मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण नुकसान बहुधा येथेच होते. माध्यमावरचे पान ही मुळातच भाड्याची जागा आहे, आणि तिच्या अटी मालक केव्हाही बदलतो; त्यातही ते पान जर जाणकाराच्या स्वतःच्या ईमेलवर व फोन नंबरावर उघडलेले असेल, तर आपण पोटभाडेकरू ठरतो, आणि पुढे त्याच्याशी बेबनाव झाला की, वर्षानुवर्षांची छायाचित्रे, अभिप्राय आणि फॉलोअर यांसह जागा त्याच्याच ताब्यात राहते. तेव्हा ईमेल पेढीच्या नावाचा असावा, फोन नंबर पेढीचा असावा, दुहेरी पडताळणीचा अंक मालकाच्या फोनवर यावा, आणि मुख्य ॲडमिन मालक वा त्याच्या घरचे विश्वासू माणूस असावे. जाणकारास पासवर्ड देऊ नये. मर्यादित अधिकार देऊन काम करवून घेण्याची सोय या माध्यमांत आहे, आणि ती ठाऊक नाही असे जो जाणकार सांगेल त्याची जाणकारी तेथेच कळली. जाहिरातीचे पैसे त्याच्या हाती रोख न देता पेढीच्या खात्यातून थेट माध्यमाकडे भरावेत व पावती पेढीच्या नावाने यावी. त्याचा मोबदला निराळा आणि जाहिरातीचा खर्च निराळा, ही दोन कलमे एकाच ‘पॅकेज’मध्ये बांधू देऊ नयेत, कारण मग कितीचे बूस्ट झाले आणि किती त्याच्या खिशात राहिले याचा हिशेब ब्रह्मदेवासही लागत नाही. छायाचित्रे व चित्रणे यांची मालकी कोणाची, करार मोडण्याची मुदत किती, आणि जाताना त्याने काय काय स्वाधीन करायचे, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी कागदावर उतरवले की, शेवटच्या दिवशी आवाज चढवावा लागत नाही.

याच्याच जोडीला गिऱ्हाइकांची आपली स्वतःची यादी राखावी. नाव, नंबर, गाव, शेवटची खरेदी आणि निरोप पाठवण्यास त्याची संमती आहे की नाही, एवढी माहिती साध्या वहीत वा संगणकात असली तरी पुरे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण बसतात, आणि ज्याने आपला नंबर फोनात जतन केला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. पुष्कळ व्यापाऱ्यांना हा दुसरा नियम माहीत नसतो, आणि हंगामाच्या तोंडावर पाठवलेला निरोप कोणास मिळालाच नाही म्हणून ते चिंतेत पडतात. विक्री झाल्यावर पेटीत एक चिठ्ठी घालून आमचा नंबर जतन करा अशी विनंती करणे, हे अनेक रीलांहून अधिक उपयोगाचे काम आहे, आणि त्यास कोणत्याही जाणकाराची आवश्यकता नाही.

मग आकड्यांचा प्रश्न येतो. महिनाअखेरीस जाणकार एक रंगीत अहवाल पाठवतो, त्यात रीच इतका, लाइक इतके, एंगेजमेंट इतकी असे आलेख चढत जाताना दिसतात, आणि मालकास गल्ल्यात मात्र काही फरक आढळत नाही. या आकड्यांवर भाबडेपणाने विसंबू नये, असे म्हणण्यास मोठ्यांचेच दाखले आहेत. आपल्याकडील चित्रफिती लोक सरासरी किती वेळ पाहतात याचा जो आकडा फेसबुक जाहिरातदारांना देत होते, तो ६० ते ८० टक्क्यांपर्यंत फुगलेला असण्याचा संभव आहे, असे त्या कंपनीने २०१६ साली स्वतःच मान्य केले. तीन सेकंदांपेक्षा कमी वेळ पाहणाऱ्यांना तिने हिशेबातून वगळले होते. पुढल्याच वर्षी प्रॉक्टर अँड गॅम्बल या बलाढ्य कंपनीने एका तिमाहीत डिजिटल जाहिरातींवरचा १० कोटी डॉलरांहून अधिक खर्च काढून टाकला आणि विक्रीवर त्याचा म्हणावा असा परिणाम झाला नाही, असे सांगितले. फॉलोअरांविषयी तर बोलायलाच नको. २०२० साली मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने खोट्या फॉलोअरांच्या विक्रीचा तपास हाती घेतला होता. तेव्हा ‘महिन्यात दहा हजार फॉलोअर वाढवून देतो’ असे जो छातीठोकपणे सांगतो, त्याने ते कोठून आणायचे योजले आहे हे विचारण्याचा हक्क आपणास आहे.

खरे मोजमाप आपल्या वहीत आहे. मागणीच्या वहीत एक रकाना वाढवून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकास ‘आमचे नाव कोठे कळले’ एवढे विचारावे व उत्तर तेथेच टिपावे. जमल्यास समाजमाध्यमांवर एक स्वतंत्र फोन नंबर द्यावा, म्हणजे त्यावर आलेल्या मागण्या आपोआप वेगळ्या पडतील. तीन महिन्यांनी जाणकाराचा मोबदला व जाहिरातीचा खर्च एका बाजूस आणि या रकान्यातून निघणारा नफा (विक्री नव्हे) दुसऱ्या बाजूस मांडावा. काही धंद्यांत, विशेषतः पैठणी, दागिने, सहल वा घरबांधणी अशा विलंबाने निर्णय होणाऱ्या व्यवहारांत, तीन महिने पुरत नाहीत, हे खरे आहे. तेथे चौकशा मोजाव्यात, पण चौकशी म्हणजे नाव व नंबर देऊन केलेला प्रश्न, अंगठा उचलून दाखवलेले चित्र नव्हे.

आणि समजा, एखादी रील खरोखरच व्हायरल झाली, तर? दिवाळीच्या आधी घरगुती फराळ करणाऱ्या बाईंच्या चकलीचे चित्रण लाखो लोकांनी पाहिले, असे धरून चालू. भाजणी किती दळून ठेवली आहे, तळायला किती बायका येतात, धनत्रयोदशीपर्यंत किती किलो निघू शकेल, याचा विचार न करता जाणकाराने मागण्या घेण्याचा दुवा उघडा ठेवला, तर पाडव्यानंतर पोचलेल्या आणि वाटेत मोडलेल्या चकल्यांविषयीचे अभिप्राय तितक्याच वेगाने पसरतील, आणि दहा वर्षांची जुनी गिऱ्हाइके यंदा आपल्याला डबा मिळाला नाही म्हणून रुसतील ती निराळीच. प्रसिद्धी ही उत्पादनाच्या मगदुरापुढे जाऊ देऊ नये. मागण्या केव्हा बंद करायच्या तो आकडा आधी ठरवून ठेवावा, आणि तो ठरवण्याचा अधिकार स्वयंपाकघरातील माणसाकडे असावा.

तक्रारींच्या बाबतीत दोन परदेशी उदाहरणे या विषयात अभिजात ठरली आहेत. २००८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या विमानप्रवासात डेव्ह कॅरल या कॅनेडियन गायकाची गिटार मोडली. कित्येक महिने त्याने भरपाईसाठी खेटे घातले आणि नियमांवर बोट ठेवून त्यास नकार मिळाला, तेव्हा जुलै २००९ मध्ये त्याने त्या प्रकरणावर एक गाणे रचून यूट्यूबवर चढवले, आणि ते लाखो लोकांनी ऐकल्यावर कंपनी भरपाईची भाषा बोलू लागली. दुसरे उदाहरण नेस्लेचे. मार्च २०१० मध्ये पामतेलापायी होणाऱ्या जंगलतोडीवरून ग्रीनपीसने मोहीम उघडली आणि लोक किटकॅटच्या बोधचिन्हाचे विडंबन करून फेसबुकवर मिरवू लागले, तेव्हा नेस्लेचे पान सांभाळणाऱ्याने मजकूर काढून टाकण्याची ताकीद दिली व वर टोमणे मारून उत्तरे लिहिली. त्या उत्तरांनीच आगीत तेल पडले, आणि मेमध्ये कंपनीस आपले खरेदीचे धोरण बदलण्याची घोषणा करावी लागली. युनायटेडला बोलायला उशीर झाला आणि नेस्ले नको ते बोलली. आपल्या दुकानाच्या पानावर तक्रार आली तर त्याच दिवशी, सर्वांना दिसेल असे, दोन वाक्यांचे उत्तर लिहावे, त्यात दिलगिरी आणि आपण काय करणार आहोत हे असावे, व उरलेले बोलणे फोनवर करावे. तक्रार पुसून टाकू नये. तिचे चित्र कोणीतरी आधीच जतन केलेले असते. तक्रार खोटी असेल तर पावती वा तारीख दाखवून एकदाच शांतपणे खुलासा करावा आणि थांबावे. हे काम पेज चालवणाऱ्या पोरसवदा मदतनिसावर सोपवू नये, कारण त्यास माल परत घेण्याचा वा पैसे देण्याचा अधिकार नसतो, आणि अधिकार नसलेला माणूस अखेर वाद घालतो. समुदायाचा राग नेहमी योग्य पत्त्यावर जातो असेही समजू नये. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाच्या तोंडी घातलेल्या एका कथित उद्गारावरून संतापलेल्या आपल्या बांधवांनी स्नॅपडील या भारतीय कंपनीचे ॲप फोनांतून काढून टाकून तिला शिक्षा केली होती. नावातील साधर्म्याखेरीज तिचा अपराध काही नव्हता.

जाता जाता एका वाईट वहिवाटीचा उल्लेख करतो. किंमत विचारली असता ‘इनबॉक्समध्ये कळवतो’ असे उत्तर देण्याची जी पद्धत पडली आहे, ती जाणकारांनीच पाडली आहे. अशाने संभाषणे वाढतात, आलेख चढतो, आणि अर्धे गिऱ्हाईक कंटाळून निघून जाते. किंमत उघड लिहावी.

पॅकेजमध्ये महिन्याला तीस पोस्ट कबूल केलेल्या असल्या की, दुसरा अनर्थ घडतो. दुकानाविषयी रोज सांगण्यासारखे काय असणार? मग पंचांग उघडले जाते, आणि जयंती, पुण्यतिथी, जागतिक अमुक दिन, तमुक दिन असे करीत महिना भरून काढला जातो. एखाद्या थोर व्यक्तीच्या निधनाच्या दिवशी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ या शब्दांखाली टाइल्सच्या दुकानाचा फोन नंबर व ‘सवलत मर्यादित काळासाठी’ ही ओळ झळकलेली मी पाहिली आहे, आणि ती दुकानदाराने स्वतः पाहिली असती तर त्यास ओशाळे वाटले असते याबद्दल मला शंका नाही. प्रसंगास धरून बोलण्याची कला आपल्याकडे अमूलच्या जाहिरातींनी १९६६ पासून जोपासली. परंतु तिच्यामागे पिढ्यांची तालीम आणि कोठे थांबायचे याची जाण आहे. ती नसली म्हणजे काय होते ते केनेथ कोल या अमेरिकन पेढीने २०११ साली दाखवून दिले. कैरोत लोक रस्त्यावर उतरून राज्यक्रांती करीत असता, तो गोंधळ आपल्या नव्या कपड्यांच्या बातमीमुळे झाला असावा असा विनोद तिने ट्विटरवर केला, आणि त्याच दिवशी तिला क्षमा मागावी लागली. महिन्याला आठ पोस्ट पुरेत, पण त्यांतली प्रत्येक प्रसिद्ध होण्यापूर्वी मालकाच्या डोळ्यांखालून गेली पाहिजे.

हे डोळ्यांखालून घालणे केवळ अभिरुचीचा प्रश्न नसून कायद्याचाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये स्थापन झालेले केंद्रीय प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास व शिफारस करणाऱ्यासही पहिल्या खेपेस १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढील खेपेस ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. एखाद्या इन्फ्लुएन्सरला पैसे, फुकट माल, सवलत वा सहल देऊन आपली स्तुती करवून घेतली, तर ती जाहिरात आहे असे तेथेच स्पष्ट लिहिणे त्याच्यावर बंधनकारक आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेनेही जून २०२१ पासून हाच दंडक घातलेला आहे. नातलगाने वा नोकराने केलेली स्तुतीही नाते न सांगता मांडणे याच सदरात मोडते, हे अनेकांच्या गावी नसते. खाद्यपदार्थ, तेले व काढे विकणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावे. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे आकर्षक शीर्षक जाणकार दोन मिनिटांत देऊन जातो; परंतु मधुमेहासारखे काही रोग बरे करण्याचा दावा जाहिरातीत करण्यास १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपायांविषयीच्या अधिनियमाने मनाई आहे, आणि नोटीस येते ती ज्याचे नाव बाटलीवर आहे त्याच्या पत्त्यावर.

नावलौकिक झाला की नक्कलही होते. आपलीच छायाचित्रे उचलून बनावट पान उघडणे, हंगामात स्वस्त दराची लालूच दाखवून यूपीआयवर आगाऊ रक्कम घेणे व गुप्त होणे, हा प्रकार आता सर्रास चालतो. आपला अधिकृत नंबर व पैसे भरण्याचे खाते यांचा स्पष्ट उल्लेख प्रत्येक ठिकाणी कायम ठेवावा, बनावट पान आढळताच माध्यमाकडे तक्रार नोंदवावी, आणि कोणाचे पैसे गेले असल्यास त्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर सायबर गुन्ह्याची खबर देण्यास सांगावे. अशा प्रकरणांत पहिले काही तास मोलाचे असतात.

शेवटी ज्यांना जाणकाराची मुळीच गरज नाही अशांविषयी. ज्या शिंप्याचे, खानावळीचे वा पिठाच्या गिरणीचे गिऱ्हाईक अर्ध्या कोसाच्या आतले आहे, त्यास मासिक पॅकेज घेण्याचे काहीही कारण नाही. गूगलच्या नकाशावर आपल्या दुकानाची नोंद विनामूल्य करता येते. ती करावी, नंबर, पत्ता व दोनचार उजेडात काढलेली छायाचित्रे घालावीत, व्हॉट्सॲप बिझनेसवर दरपत्रक चढवावे, आणि आलेल्या अभिप्रायांस आठवड्यातून एकदा बसून उत्तरे द्यावीत. घरातील कॉलेजात जाणारा मुलगा वा मुलगी हे सारे एका संध्याकाळी लावून देते. वेळा मात्र काळजीपूर्वक व खऱ्या लिहाव्यात, कारण नकाशात ‘उघडे’ पाहून उन्हातून आलेल्या माणसास कुलूप दिसले तर तो जो अभिप्राय लिहितो तो वाचवत नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद असेल तर तेही स्वच्छ नमूद करावे. निदान पुण्यात तरी त्याचा राग कोणी मानणार नाही.